पायाची तपासणी

ज्यानं हा नियम केला, त्यानं जन्मात कधी उकडलेल्या धानात पाय घातला नाही. हे त्याच्या तोंडावर सांगायला पाहिजे होतं. पण तो कुठं बसतो, हे कामठ्याच्या वाटेवरच्या त्या राइस मिलमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं आपल्या जागी एक साहेब पाठवला होता.

साहेबानं बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि तो पटांगणात आला. हौदातून काढलेलं धान सिमेंटवर पसरलेलं होतं, वाफ अजून निघत होती. बाया त्यातून अनवाणी पाय ओढत चालत होत्या. उकडा तांदूळ करायचा तर धान असंच परततात. दाताळ्यानं दाणा फुटतो, पायानं फुटत नाही. म्हणून शेठला पायच पाहिजे.

"थांबवा त्यांना," साहेब म्हणाला. "मागच्या वर्षी इथला माल बंदरातून परत आला. आता परदेशातले घेणारे तांदूळच नाही, माणसंही तपासायला लावतात. जिच्या पायाला जखम असेल, तिनं धानावर यायचं नाही. भरेपर्यंत घरी."

मुकादम केवळरामनं हाक दिली. बाया कडेला येऊन ओळीनं उभ्या राहिल्या, लुगडी घोट्याच्या वर धरून.

साहेब खाली पाहतच राहिला. सगळ्यांचे पाय लालभडक होते. बोटांपासून टाचेपर्यंत.

"हे काय आहे?"

"माहूर आहे, साहेब," अल्का म्हणाली. "लग्नात लावतेत पायाले."

"कोणाचं लग्न आहे?"

"तुमचंच समजा. तुमीच तर येऊन राहिले होते."

बाया पदराआड हसल्या. "अल्के, तोंड आवर," केवळराम म्हणाला, पण हसू त्यालाही आलं होतं. दुर्गा तेवढी हसली नाही.

दुर्गाच्या टाचा धानानं खाल्ल्या होत्या. एका भेगेत रुपया उभा राहावा, एवढी ती खोल. तपासणीची बातमी आदल्या दिवशीच आली होती, आणि दुर्गाची रोजी गेली तर तिच्या घरची चूल कोण पेटवणार, हे सगळ्यांना माहीत होतं. युक्ती अल्कानं काढली. एकटीचेच पाय रंगलेले दिसले तर साहेब ओळखेल, म्हणून सगळ्यांनी रंगवले. खुद्द अल्कानंसुद्धा. ती बौद्ध घरची, पांढऱ्या लुगड्यात लग्न लागलेली. तेव्हाही तिच्या पायाला रंग लागला नव्हता.

साहेबानं मूठभर धान उचललं, उन्हात धरून पाहिलं.

"अहो, रंग लावून धानात फिरता? यात उतरला तर जहाजभर माल जाईल. धुवा. आत्ता, माझ्यासमोर."

हे कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. जखम झाकायला लावलेला रंग जखमेहून मोठा गुन्हा निघाला.

फाटकाजवळच्या टाक्यात दवाईचं पाणी होतं. एकेक बाई त्यात उतरली. पाणी गुलाबी झालं. पाय बाहेर आले ते काळे, चिरलेले, पण रक्त कुठं नव्हतं. साहेब प्रत्येकीपाशी वाकायचा आणि म्हणायचा, "चालेल."

दुर्गा शेवटची. पाण्यात पाय टाकला तशी तिनं दातांवर दात धरले. पाय बाहेर काढला. लाल. पुन्हा बुडवला, दगडानं घासला. लाल.

"नीट घासा, मावशी."

"घासूनच राहिली ना."

साहेबानं पांढरा कागद तिच्या टाचेला लावला. कागद लाल झाला.

"रंगच आहे, साहेब," केवळराम घाईनं म्हणाला. "पक्का रंग. हप्ताभर निघत नाही."

"रंग असेल तर न निघणारा रंग धानात गेला, असं मला लिहावं लागेल. आज पसरलेला सगळा माल बाद, आणि या सगळ्या बाया कामावरून बंद. जखम असेल तर ही एकटीच घरी जाईल." साहेबाचा आवाज खाली आला. "सांगा मावशी. काय आहे?"

अल्कानं दुर्गाचा हात धरला आणि दाबला. नको बोलू, असा. दुर्गानं हात सोडवून घेतला.

"जखम आहे."

साहेबानं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि लिहून घेतलं. "बाकीच्यांनी कामाला लागा. तुम्ही बऱ्या झालात की या, मावशी."

दुर्गा जागची हलली नाही. तिच्या टाचेखालचं सिमेंट लाल होत होतं.

"कायची जखम, थे बी लिवा."

"ते विचारलेलं नाही त्यात. जखम आहे की नाही, एवढंच."

"काऊन नाई विचारलं?"

"मावशी, हा नियम मी नाही केला."

"चला बायांनो, धान थंडं होऊन राहिलं," केवळराम ओरडला. एकही बाई धानात उतरली नाही.

"तुमी नाई केला, मानलं," दुर्गा म्हणाली. "पन पाय तं तुमीच पाह्यला ना? मंग तुमी सांगा. हे कायनं झालं?"