आवडींचा रकाना

“ताई, तीन वर्षांत एकही स्थळ जुळू नये?” छत्तिशीतल्या हृषीकेशने वधूवर मंडळाच्या कुमुदताईंना विचारलं. मंडळाचा संगणकावरचा प्रोग्रॅम त्यानेच हौसेने लिहून दिला होता.

“तुझीच नोंद उघड बघू.”

त्याने उघडली आणि जीभ चावली. आवडींच्या एकाच रकान्यात भटकंती, नाट्यसंगीत, मिसळ असं सगळं कोंबलेलं होतं. प्रोग्रॅम अख्खा रकाना शब्दशः ताडून बघायचा, म्हणजे हेच तिन्ही, याच क्रमाने लिहिणारी मुलगी आली तरच जुळणार होतं.

“अशी मुलगी मलाही सापडली नसती रे,” ताई म्हणाल्या.

त्याने प्रोग्रॅम बदलून प्रत्येक आवड वेगळी केली. लगेच अकरा स्थळं आली. पहिल्याच मुलीची अपेक्षा होती, ‘कामात चोख असावा.’

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. “जा भेटायला. फक्त हा प्रोग्रॅम कोणी लिहिला, ते बोलू नकोस.”