गाळातला दीपस्तंभ

गोदावरी समुद्राला मिळते तिथला एक दीपस्तंभ मी बांधला होता, १९६८ साली. खाली नुसता चिखल, म्हणून आधी साठ फूट खोल खांब ठोकले आणि त्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा मनोरा चढवला. तेव्हा पहिल्या पायरीला लाटा लागायच्या. पुढे गाळ साचत गेला, समुद्र चार किलोमीटर मागे हटला आणि २००१ मध्ये दिवा कायमचा बंद झाला.

निवृत्तीनंतर नाशिकला, इंदिरानगरच्या घरात मला चैन पडेना. दोन फोटो उचलले आणि घोटीजवळ, गोदावरीला मिळणाऱ्या दारणा नदीकाठच्या एका गावात जाऊन सभाच घेतली. एका फोटोत दीपस्तंभाभोवती पाणी, दुसऱ्यात त्याच जागी हिरवागार भात.

"हा गाळ तुमच्या डोंगरांवरून गेलाय," मी सुनावलं. "झाडं तोडलीत, बांध घातले नाहीत. माझा दिवा तुम्ही विझवलात. लाज वाटायला पाहिजे!"

सगळे माना खाली घालून बसले. फक्त रंगूबाई नावाची एक म्हातारी उठली आणि तिनं माझ्या हातातला दुसरा फोटो ओढून घेतला.

"माझे बारा गुंठे दारणेनं कातरून नेले," ती कडाडली. "तलाठ्याला सांगितलं, तर म्हणतो, सातबाऱ्यावर हायेत ना, मग असतील कुठंतरी, शोध!"

मग तिनं फोटोतल्या भातावर बोट ठेवलं.

 

"हे बघा, सापडले. आता सांगा सायेब, माझ्या वावरातला भात कोण कापून नेतंय?"