खडूची फुली

“ही खुर्ची कोणाची?” व्हॅल्युअरनं विचारलं.

“माझी,” मामी म्हणाली.

भाच्यानं चमकून वर पाहिलं. त्या उंच पाठीच्या खुर्चीत मामीला बसलेलं त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ती मावशीची खुर्ची. एखादा पाहुणा चुकून तिच्यात टेकला, तर मावशी त्याच्याकडे अशी बघायची की बिचाऱ्याला चहा गोड लागायचा नाही. पण मामी शपथेवर सांगावं तसं सांगत होती, आणि व्हॅल्युअर पुढच्या वस्तूकडे वळलासुद्धा.

त्याची पद्धत साधी होती. मावशी गेली होती, तिचं मृत्युपत्र कोर्टात होतं, आणि त्यासाठी तिच्या सामानाची किंमत ठरवायची होती. जे मावशीचं, त्यावर खडूनं फुली. फुली पडली की वस्तू खाली उभ्या असलेल्या टेम्पोत आणि तिथून विक्रीला. येतील ते पैसे भाच्याचे आणि त्याच्या ताईचे. जे मामीचं, ते जागच्या जागी राहणार. घर मामीचंच होतं. मामा गेल्यावर मामीला सोबत म्हणून मावशी, म्हणजे तिची नणंद, आपलं सगळं सामान घेऊन चार दिवसांसाठी राहायला आली, ती जन्मभर राहिली.

सोबत कसली, विळ्या-भोपळ्याचं सख्य! घरात चहाचे डबे दोन. घड्याळं दोन, आणि ती दोन्ही वेगवेगळी वेळ दाखवणार. फ्रिजचा वरचा कप्पा हिचा, खालचा तिचा. मामीनं एकदा मावशीचा कंगवा घेतला, तर आठवडाभर अबोला. त्या आठवड्यात दोघी आपापले निरोप भिंतीला सांगायच्या. दोघींच्या वस्तूंची सरमिसळ कधी झालीच नाही. म्हणून तर हे काम तासाभरात उरकेल, असं भाच्यानं व्हॅल्युअरला छातीठोक सांगितलं होतं. “मामीला विचारा,” तो म्हणाला होता. “तिच्याइतकं चोख कोणी सांगणार नाही.”

“हा टाइपरायटर?”

“माझा.”

“मामी, तुला टाइप करता येतं?” भाच्याला राहवेना.

“शिकणार आहे.”

शेल्फावर कॅरमच्या स्पर्धेतला चषक होता. त्यावर मावशीचं नाव कोरलेलं होतं. व्हॅल्युअरनं ते बोटानं दाखवलं.

“नाव वन्संचं आहे,” मामीनं मान्य केलं. नणंदेला ती वन्संच म्हणायची, अगदी भांडतानासुद्धा. “पण इतकी वर्षं तो घासतंय कोण? मी. मग चषक कोणाचा झाला?”

व्हॅल्युअर नुसता हसला. अशी घरं त्यानं पुष्कळ पाहिली असावीत. भाच्याची मात्र मान खाली गेली. जिच्या कंगव्याला हात लावायची सोय नव्हती, तिच्या सगळ्या संसारावरच मामी आता हात मारत होती. त्याला तिचा राग आला. लहानपणापासून त्याचा जीव होता मामीवर, म्हणून जरा जास्तच आला.

बूट निघाले. मावशी अंगापिंडानं थोराड, मामी चिमणीएवढी. मामीनं त्या बुटांत पाय घातले आणि फटाक फटाक करत खोलीला एक चक्कर मारली.

“संध्याकाळी सुजतात माझे पाय,” ती म्हणाली.

“आणि हे कानाचं मशीन?”

“तेही माझंच.”

“तुम्हाला ऐकू तर छान येतंय, काकू,” व्हॅल्युअर अगदी हळू आवाजात म्हणाला.

“सध्या येतंय,” मामीही तितक्याच हळू म्हणाली.

भाचा उठून गॅलरीत गेला आणि त्यानं ताईला फोन लावला. तो घरातून निघतानाच ताईनं बजावलं होतं, मामीपुढे विरघळू नकोस, तुझं नेहमीचंच आहे. त्यानं खुर्चीपासून सगळं सांगितलं. ताई ऐकत राहिली. बुटांचं सांगितलं, तेव्हा पलीकडून फिस्सकन हसू आलं.

“घालून चालली?”

“खोलीभर.”

“मग राहू दे रे,” ताई म्हणाली. “जन्मभर भांडली. आता एवढं तरी जिंकू दे बिचारीला. मला काही नको. तुला हवंय?”

त्याला तरी काय हवं होतं! त्याचा छोटा फ्लॅट आधीच सामानानं गच्च भरलेला होता, आणि पैशांवाचून त्याचं काही अडलं नव्हतं. फोन ठेवला तेव्हा त्याला एकदम मोकळं वाटलं. खाली टेम्पोवाला सावलीला पेंगत होता. उन्हं छान पडली होती.

तो आत आला. मामी अजून त्या बुटांतच होती, मावशीच्या कपाटाला पाठ लावून उभी.

“मामी म्हणते ते खरं आहे,” तो व्हॅल्युअरला म्हणाला. “सगळं तिचंच आहे. आम्हा दोघांची काही तक्रार नाही.”

मामी कपाटापासून बाजूला झाली. मग ती हसली. असं पोटभर हसू भाच्यानं तिच्या तोंडावर मावशी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. आपण केलं ते बरंच केलं, असं त्याला वाटलं.

व्हॅल्युअरनं हात झटकले आणि खाली फोन करून टेम्पो परत पाठवला. तो तसा भला माणूस होता, पण कामाला चोख. कोर्टात काहीतरी सांगावं तर लागणार होतं.

“काकू, एवढं एकच विचारतो,” तो दारातून म्हणाला. “त्या बाई इतकी वर्षं इथे राहिल्या. त्यांचं म्हणून या घरात काहीच उरलं नाही का?”

“उरलंय की,” मामी म्हणाली. “मी उरलेय.”