बिनतक्रार

नोकरीतून निवृत्त झाल्यावर वर्षभरात सिस्टरबाईंच्या दाराची बेल वाजवली ती फक्त कुरियरवाल्याने, तीही शेजारच्यांचं पार्सल ठेवून घ्या म्हणायला. मग एके दिवशी त्या एक जुनं मोटारहोम बघायला गेल्या. आत पलंग, ओटा, इवलीशी मोरी, सगळा संसार चाकांवर.

सोबत नेलेला मेकॅनिक हात पुसत गाडीखालून बाहेर आला.

"सिस्टर, मधली तीन वर्षं हिची सर्व्हिसिंग झाली की नाही, हे मालकालाच धड सांगता येत नाही. नका घेऊ. भर रस्त्यात बंद पडेल."

"पडली तर काय होईल?"

"काय व्हायचंय! लोक गोळा होतील, जो तो अक्कल शिकवेल, आणि कुणा अनोळखी माणसाच्या घरी मुक्काम ठोकावा लागेल."

सिस्टरबाईंनी त्याच दिवशी गाडी घेतली.

पण गाडी कसली गुणी! जराही कुरकुर न करता घाट चढली, पूल ओलांडले, गावंच्या गावं मागे टाकत गेली.



शेवटी एका गजबजलेल्या नाक्यावर सिस्टरबाईंनी ती धडधाकट गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि चेहरा काळजीचा करून वाट बघत उभ्या राहिल्या.