चिपच्या कोपऱ्यात

सरांनी कुरिअरच्या डबीतून आमची चिप चिमट्यानं उचलली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. "पहिला मान तुझा, गार्गी. यशोधन कुठंय?"

"तो नाही येणार, सर. सॉफ्टवेअरची नोकरी घेतली त्यानं." आमचं दोघांचं नातंही परवाच संपलं होतं, ते सरांना सांगण्यासारखं नव्हतं.

चिप डिझाइनचं वेड त्यानंच मला लावलं. मार्चमध्ये डिझाइन कारखान्यात पाठवताना आम्ही कोपऱ्यात दोन बारीक अक्षरं काढली होती, ग आणि य. शेवटची फाइल त्यानं पाठवली. ऑगस्टमध्ये घरच्यांशी भांडून मी हातात आलेली सॉफ्टवेअरची नोकरी सोडली. "आपण दोघांनी चिपच करायची," असं तेव्हाही तो म्हणाला होता.

मी फोकस जुळवला. कोपऱ्यात एकटा ग होता.

तयार चिपमधून नंतर काहीच पुसता येत नाही. म्हणजे य त्यानं मार्चमध्येच, फाइल पाठवण्याआधी, काढून टाकला होता.

"दिसलं का गं?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

य ची जागा रिकामी दिसू नये म्हणून त्यानं माझा ग अगदी नीट मधोमध आणून ठेवला होता.