वाडीचं राष्ट्रीय उद्यान

ताडोबा झालं, पेंच झालं, चांदोली झालं. माधवीबाई भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशावर छडीचं टोक टेकवत होत्या आणि पाचवीची पोरं जांभया देत होती. शेवटी त्यांनी छडी खाली ठेवली.

"समजा, आपलंच रान राष्ट्रीय उद्यान झालं. तर त्याचा नकाशा कसा निघेल? फळ्यावर कोण काढतंय?"

"मंग आमी कुटं ऱ्हायाचं, बाई?" चैतालीनं विचारलं. उद्यानात माणसांनी राहायचं नसतं, गुरं चारायची नसतात, शिकार तर नाहीच, हे नुकतंच सांगून झालं होतं.

"समजा म्हटलं गं मी."

मागच्या भिंतीशी खुर्चीवर वनरक्षक दत्तोबा बसला होता. वन्यजीव सप्ताहात तो दरवर्षी या शाळेत येई, पोरांना चार गोष्टी सांगे, गोळ्या वाटे. आज आत येताना व्हरांड्यातच त्यानं बाईंना हळू आवाजात सांगितलं होतं, "काल वरच्या रानात बिबट्या मेलेला घावला, बाई. मादी. फासाची तार कमरंत रुतलेली. ज्यानं लावली त्याला सात वर्षं आत घालायचा म्हणत्यात साहेब. एवढ्यात गावात बोलू नका."

पहिला ओंकार उठला. त्यानं नागफणीचा डोंगर काढला.

"ही नागफणी का सशाचा कान रं?" चैताली म्हणाली.

"तुझ्या नाकापरीस बरी हाय."

वर्ग हसला. मग कुणीतरी शाळा काढली, ती अख्ख्या वाडीपेक्षा मोठी झाली. आणि शेवटच्या बाकावरून तेजल उभी राहिली.

शाळा सुरू झाल्यापासून तेजल एकदाही फळ्यापाशी आली नव्हती. काही विचारलं की खाली बघायची. तिला आई नव्हती. बाप श्रीपती आणि ती, दोघंच वाडीच्या टोकाला राहायची. बाईंनी तिच्या हातात खडू दिला आणि लगबगीनं बाजूला सरल्या, जणू जागा कमी पडेल.

तेजलनं ओहोळ काढला. तो नागफणीखालून निघाला, कातळाला वळसा घालून भातखाचरांपाशी उतरला. काठाची झाडं आली, देवराई आली. हात कुठे अडखळत नव्हता.

"अगं, किती छान! हे सगळं पाहिलंयस तू?"

"व्हय. बापूसंगं जाते की."

"मग सांग ना, ओहोळाच्या पलीकडे काय आहे?"

"आंबा हाय. त्याच्या खालनं डुकरं उतरत्यात. समदा भात लोळवत्यात." पाऊलवाट दाखवायची तशी तिनं तुटक रेघ ओढली आणि तिच्यावर एक गोल काढला.

"शाब्बास! आणि हा गोल कसला?"

"तितं बापू तार लावतो."

"ए, गप ना!" ओंकार दातओठ खाऊन पुटपुटला. वर्गातली कुजबुज थांबली. मागे खुर्ची करकरली.

"कसली तार, पोरी?" दत्तोबानं विचारलं. आवाज मऊ होता.

"गाडीची. क्लचवायर. डुकरासाठनं. मी बॅटरी धरते, बापू गाठ मारतो."

"बस, तेजल," माधवीबाई म्हणाल्या. "झालं तुझं. जागेवर जा."

बाईंचा आवाज बदलला. आपलं काहीतरी चुकलं, असं तेजलला वाटलं. तिनं नकाशा वरून खाली न्याहाळला. मग तो गोल तळव्यानं पुसला आणि आंब्याच्या जरा खाली, ओहोळाच्या अगदी वळणाला लावून पुन्हा काढला.

"हां. आता बराबर. पानी प्यायला तितंच येत्यात."

दत्तोबा उठून फळ्यासमोर आला. काल त्यानं पंचनामा केला तो ह्याच वळणावर.

"श्रीपतीची ना गं तू?"

"व्हय."

"कुटं हाय आत्ता बापू?"

"खाचरात. भात राखाया गेलाय."

माधवीबाईंनी टेबलावरचं डस्टर उचललं.

"पुसू नका, बाई," दत्तोबा त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "पुसलंत तर मला तुमचं बी नाव घालावं लागंल."

"भाऊ, दहा वर्षांची आहे ती. घरात दुसरं कुणी नाही तिला."

"ठावं हाय मला. श्रीपती आन् मी ह्याच शाळंत एका बाकावर व्हतो." त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "पन त्या मादीच्या पोटात दोन पिल्लं व्हती. वरनं फोनावर फोन येत्यात. मी काय करू, सांगा."

बाईंनी डस्टर घेतलेला हात फळ्याकडे नेला.

तेजल मधे आली. दोन्ही हात पसरून तिनं नकाशा झाकला.

"बाई, पुसू नका ना. माझं पयल्यांदाच समदं बराबर आलंय."

हात तिथेच थांबला. डस्टरमधून खडूची पूड बाईंच्या साडीवर सांडत राहिली.

दत्तोबानं खिशातून मोबाइल काढला.

"जरा सरा, बाई."

बाई सरल्या.

तेजलनं खडूचे हात गणवेशाला पुसले, वेणी पुढे घेतली आणि नकाशाच्या कडेला ताठ उभी राहून मोबाइलकडे बघून हसली.