चार ओंडक्यांचं घर

कॅन्ससच्या नव्या मुलखात गुलामगिरी राहणार की नाही, हे मतदानावर ठरणार होतं. म्हणून शेजारच्या मिसुरीतून आलेल्या टॉलिव्हरने नदीकाठी चार ओंडके चौकोनात मांडले. "हे माझं घर. आता मीही इथला मतदार."

"छप्पर नाही, मालक," त्याची गुलाम केझाया म्हणाली.

"जीभ आवर. उद्या मतदान आहे. दोस्तांना घेऊन येतो, तोवर घर सांभाळ."

तो दिसेनासा होताच तिने ओंडके उतारावरून पाण्यात लोटले आणि दोराने आवळून बांधले.

पलीकडच्या काठावर गुलामगिरीच्या विरोधकांची वस्ती होती. तिथल्या म्हाताऱ्याने हात पुढे केला. "घर सोडून पळालीस होय गं?"

"सोडून कशाला? हे काय, घेऊनच आले." केझायाने पायाखालच्या ओंडक्यावर टाच आपटली. "उद्या मालक कुठल्या घरातून मत देतो, ते बघतेच."